सासूबाई गप्प का झाल्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माहेरी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या तेलंगणातल्या इचोड्याचे नाही, उद्या दुकानात साखर घ्यायला यायचे नाही — एवढंच माझं धाडस.

आमचं किराणा दुकान हायवेला लागून. नवरा मालासाठी आदिलाबादला गेला की गिऱ्हाईक, पोरगी, सगळं माझ्याच अंगावर. परी रांगायला लागली तशी थेट रस्त्याकडे निघे. बाहेर ट्रक. मग मी तिला पोत्यांच्या मागे बसवलं आणि हातात मोबाईल दिला. भीतीपोटी दिला म्हणू? पहिल्या दिवशी, हो. नंतर — नंतर सोय म्हणून. सकाळपासून पार दिवेलागणीपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, "दे माह्यापाशी, मी सांगतो तिले गोष्टी." मी काहीबाही कारण काढून टाळायची. खरं सांगू? मोबाईल असला की पोरगी हूं की चूं करत नसे, आणि मला ते आवडायचं.

तीन वर्षांची झाली तरी परी बोलेना. साधं 'आई'सुद्धा नाही. हाक मारली तर मान वळवत नसे. डॉक्टरांनी विचारलं, मोबाईल किती वेळ बघते? नवरा शेजारीच बसलेला. मी म्हणाले — जेवताना, थोडासा. आणि वर आपणहून जोडलं: घरात मराठी, दुकानात हिंदी, शेजारी तेलुगू, लेकरू गोंधळलं असेल.

हे मला कोणी विचारलं होतं का?

नवऱ्याने तेवढंच धरलं. पुढे शाळा तेलुगूच, तेव्हा पोरीच्या कानावर आता फक्त तेलुगू पडायचं, असं त्याने घरी येऊन ठरवलं. आम्हा दोघांना तेलुगू येतं. सासूबाईंना येत नाही. त्या म्हणाल्या, "माह्या बोलण्यानं पोरीचं नुकसान होऊन राह्यलं असन, तं नाई बोलत मी." मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

मोबाईल मी गुपचूप बंद केला. परीने आकांत केला, भिंतीवर डोकं आपटलं, आणि मग हळूहळू माझ्या तोंडाकडे बघायला लागली. काही महिन्यांत बोलली. नवऱ्याच्या निर्णयाचं सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आपण गप्प बसलो म्हणून नात बोलली, असं त्या अजून मानतात. मी मानू दिलं. मला लाज वाटते, रोज वाटते, तरी मानू दिलं.

परी घरात असली की त्या कोणाशीच बोलत नाहीत — चुकून तिच्या कानावर जाईल म्हणून. तिची वेणी घालतात, खुणेने जेवायला बोलावतात. ती शाळेत गेली की मग शेजारणीशी दोन शब्द.

परवा परी एका मैत्रिणीला घेऊन आली. त्या मुलीने सासूबाईंना काहीतरी विचारलं. परीने तिला तेलुगूत सांगितलं, "आमच्या आजीला बोलता येत नाही."

सासूबाई दोघींकडे बघून हसल्या. त्यांना तेलुगू कळत नाही. मला कळतं.