शिशाची रेघ

काळाचौकीच्या आमच्या खोलीत वहिनी खोट्या दागिन्यांना डाग द्यायचं, म्हणजे तार वितळवून सांधे जोडायचं काम करायची. दादा कामावर गेला की खिडकीपाशी पाट मांडायची आणि कानातल्यांच्या फुलांना मागून काड्या जोडत बसायची. डागाच्या तारेचा धूर खोलीभर फिरायचा. तिला पाचवा महिना होता. पोटात कळा यायच्या, बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत लेझरवर काम करत होतो. नमुन्यावर लेझरचा झोत मारला की तिथे क्षणभर ठिणगी पेटते आणि तिच्या उजेडात प्रत्येक धातूची आपापली रेघ उमटते. हे मी घरी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. एके दिवशी वहिनीने पाटाखालची धूळ कागदात बांधून माझ्या हातात दिली.

"भावजी, ह्यात शिसं आसा काय बघा. शेजारीण म्हणत होती, तारेत असतं, बाळाला वाईट."

धुळीची वडी दाबून मी ती यंत्राखाली ठेवली. पडद्यावर शिशाच्या जागी रेघ नव्हती, नुसती खरखर.

"काही नाही वहिनी. निर्धास्त राहा," मी घरी येऊन सांगितलं. एकदा रक्त तपासून घ्या, एवढंही मी म्हटलं नाही. सुचलंच नाही.

सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगी होती. दादा आणि मी तिला स्मशानात घेऊन गेलो. महिन्याभराने वहिनी पुन्हा पाटावर बसली.

त्यानंतर आमच्या मार्गदर्शक बाईंनी यंत्राची नजर सुधारायचं काम माझ्यावर सोपवलं. ठिणगी पेटताच पहिल्यांदा सगळा पांढरा भपका असतो, त्यात बारीक रेघा बुडून जातात. आमचा कॅमेरा नेमका त्या भपक्यातच उघडत होता. तो किंचित उशिरा उघडेल असं केलं. भिंगही ठिणगीपासून जरा सरकलेलं होतं, म्हणजे निम्मा उजेड वायाच जात होता. ते बसवायला तीन आठवडे गेले. मग खात्री करायला मी खणातल्या जुन्या वड्या काढल्या. त्यात वहिनीच्या धुळीचीही होती.

शिशाची रेघ सरळ उभी राहिली. मी पाच ठिकाणी झोत मारून पाहिला. पाचही वेळा तेच.

"हा नमुना कुठला?" बाईंनी विचारलं.

"घरचा," मी म्हणालो आणि वडी पुन्हा कागदात बांधली.

संध्याकाळी दोघांसमोर सगळं सांगितलं. दादा उठून गॅलरीत गेला. वहिनीने हातातली फुलं खाली ठेवली.

"तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा दिसलं नव्हतं, वहिनी."

"तसं सांगायचं ना मग. दिसत नाही म्हणून."

रक्ताच्या तपासणीत शिसं खूप निघालं. तिने काम सोडलं, औषधं घेतली. कळा थांबल्या. बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत. पुन्हा मूल झालं नाही. दादा माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

चाळीत आणखी सहा-सात बायका हेच काम करत होत्या. मी दारोदार जाऊन सांगितलं. दोघींनी सोडलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईने पाटावरून मान वर न करता विचारलं, "मग दुसरं काय करू, ते पण सांग." तिने पुढची काडी उचलली.