नऊ नंबरचे अडतीस

स्कोअर टेबलवर बसणाऱ्या माणसानं टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, खुर्चीतून उठायचं नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीत बसल्यासारखा चेहरा ठेवायचा. मी हे एकोणीस वर्षं पाळलं. गेल्या मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी मात्र माझी पार त्रेधा उडाली. डावा हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि तोंडातून आवाज फुटू नये म्हणून मी दातांखाली जीभ धरली होती.

आमच्या शहरातल्या महिला बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफचा तो शेवटचा सामना. दोन्ही संघ एकेक जिंकलेले, म्हणजे आज काय तो निकाल. एका बाजूला कॉलेजच्या मुली, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. दुसऱ्या बाजूला नोकरी-संसार सांभाळून संध्याकाळी सराव करणाऱ्या बायका, आणि त्यांच्यात नऊ नंबर. चौतीस वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, कर्वेनगरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिचा खेळ बघायला बिबवेवाडीहून रिक्षा करून माणसं येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

हॉलच्या दाराशी एक पाटी आहे. प्लेऑफच्या एका सामन्यात सर्वाधिक गुण, सदतीस, आणि पुढे माझं माहेरचं नाव. एकतीस वर्षं ते तिथेच आहे. आमच्या ह्यांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. तिथे आडत्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना माझे सदतीस पाठ आहेत. गिऱ्हाईक जुनं असलं आणि चहा चांगला झाला असला, तर त्यांचे चाळीसही होतात.

त्या सदतिसांबद्दलची एक गोष्ट मात्र मी ह्यांनाही सांगितली नव्हती. समोरच्या संघाच्या त्या दिवशी पाचच मुली आल्या होत्या, बाकीच्यांची परीक्षा होती. मध्यंतराच्या आधी त्यांतल्या एकीचा पाय मुरगळला. बदली कुणी नाही. नियमाप्रमाणे चौघींनी खेळ चालू ठेवला, आणि मी त्या चौघींवर तुटून पडले. बहुतेक वेळ मला अडवायला कुणी नसायचंच. रिंगखाली उभं राहायचं, चेंडू घ्यायचा, टाकायचा. त्यातले बहुतेक गुण त्या उत्तरार्धातले. पाटीवर एवढं सगळं मावत नाही, आणि मावत नाही याचं मला फार दुःखही कधी झालं नाही.

म्हणूनच असेल, पण नऊ नंबरनं तो आकडा मोडावा असं मला मनापासून वाटत होतं. मध्यंतराला तिचे चौदा झाले होते. कॉलेजच्या कोचनं तिच्यावर एक नाही, दोन मुली सोडल्या होत्या. ती पाणी प्यायला गेली तरी त्या मागे. तरी ती यायची, खांदा एका बाजूला टाकायची, दोघी तिकडे झुकल्या की दुसऱ्या बाजूनं निसटायची. आणि निसटता आलं नाही, तर न बघता चेंडू मागे द्यायची, तिथे बारा नंबर मोकळी उभी असायची. बारा नंबर म्हणजे गेली बारा वर्षं तिच्या शेजारी खेळणारी, जिचं नाव वर्तमानपत्रात एकदाही आलं नाही ती. असे पास लिहायला आमच्या स्कोअरशीटवर जागाच नसते. आम्ही फक्त गुण आणि फाउल लिहितो, आणि मग त्यावरून कोण किती मोठं ते ठरवतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिनं जो धुमाकूळ घातला, तो मी जन्मात विसरणार नाही. लांबून तीन. पुन्हा लांबून तीन. मग चेंडू हिसकावून एकटी धावली आणि दोन. हॉलमधले पंखे चालू आहेत की बंद, कळत नव्हतं. कॉलेजच्या मुलींचे पालकसुद्धा उभे राहून तिच्यासाठी ओरडायला लागले, इतका प्रामाणिकपणा मी पुण्यात क्वचित पाहिलाय. पुढच्या वेळी ती दोघींच्या मधून उडाली, चेंडू सोडला, आणि माझं पेन आपोआप कागदावर टेकलं. चेंडू रिंगवर एकदा नाचला, दोनदा नाचला, बाहेर पडायला लागला. तेवढ्यात गर्दीतून एक हात वर आला आणि त्यानं तो आत ढकलला. मी तोपर्यंत नऊ लिहून मोकळी झाले होते.

हात नऊ नंबरचा नव्हता. मनगटावरचा काळा पट्टा मला दिसला होता, तो बारा नंबरचा. पण दुसऱ्या बाजूला लगेच फाउल झाला, मग फ्री थ्रो, मग बदली खेळाडू, आणि मी स्वतःला सांगितलं की मला नीट दिसलं नाही. संघाचा स्कोअर तर बरोबरच होता. दोन गुण त्याच संघाचे, नाव तेवढं दुसरीचं.

शेवटचे अकरा सेकंद. कॉलेज एका गुणानं पुढे. नऊ नंबरच्या नावावर छत्तीस, म्हणजे माझ्या कागदावर. सगळ्या हॉलला माहीत होतं चेंडू कुणाकडे जाणार, त्या दोघींना तर सर्वांत जास्त. ती उजवीकडे गेली, थांबली, पाठ फिरवली, आणि एका पायावर मागे झुकत चेंडू असा उंच टाकला की तो खाली येईपर्यंत मला दोन श्वास घेता आले. रिंगला न लागता तो जाळीतून खाली आला. भोंगा वाजला. एका गुणानं जिंकल्या, आणि अडतीस! मी नियम मोडून उभी राहिले. काय झालं असेल ते असो, पण इतकं सुंदर काही मी त्या हॉलमध्ये पाहिलं नव्हतं, मी खेळत असतानाही नाही.

लीगचे सचिव, निवृत्त अधिकारी गृहस्थ, लगेच पाटी रंगवणाऱ्याला फोन लावायला निघाले. पंच सही करायला आले. पंचांची सही होईपर्यंत चूक दुरुस्त करता येते, त्यानंतर कागद बंद. मी पेन त्यांच्या हातात दिलं नाही.

तिसऱ्या क्वार्टरमधली एक बास्केट बारा नंबरची आहे, मी चुकले, असं मी सांगितलं. पंच म्हणाले की त्यांनाही तसंच दिसलं होतं, पण निकाल काही बदलत नाही, तेव्हा जाऊ द्या. मी नवावर काट मारून बारा लिहिलं आणि शेजारी त्यांची सही घेतली. अडतीसचे छत्तीस झाले. सदतिसाला एक कमी.

सचिवांनी फोन खाली ठेवला, चष्म्यावरून कागद बघितला आणि चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "वा. स्वतःचं बरोबर राखलंत, बाई."

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. कारण बाहेरून ते तसंच दिसत होतं, आणि उद्या मार्केट यार्डापासून कर्वेनगरपर्यंत सगळे तेच म्हणणार होते. रागाच्या भरात माणूस खरं बोलतो, तसं माझं झालं. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. पाच मुली, मुरगळलेला पाय, उरलेल्या चौघी. माझे सदतीस रिकाम्या मैदानावरचे आहेत, हिचे छत्तीस दोघींच्या तावडीतून काढलेले आहेत, आणि ज्याला या दोन्हींतला फरक कळत नाही त्यानं पाट्या रंगवू नयेत, असंही म्हणाले. दुसऱ्या रांगेत उभे असलेले आमचे हे तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू गुळाच्या ढेपेतून दगड निघाला.

नऊ नंबर केव्हा येऊन माझ्या मागे उभी राहिली होती, मला कळलं नाही. घामानं निथळत होती. तिनं कागदावरची काट पाहिली, मग मला विचारलं, "ताई, समोर चौघीच होत्या, तर तुम्ही थांबला का नाहीत?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "पाटीवर नाव हवं होतं."

तिनं वाकून गुडघ्याचा पट्टा सोडवला. "तो बॉल माझा नव्हता, मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "स्कोअरबोर्डावर माझ्या नंबरापुढे दोन वाढलेले पाहिले आणि गप्प बसले. मलाही हवं होतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. नंतर कुणी काही न सुचवताच कागद घेऊन बारा नंबरला शोधायला निघालो. ती बाहेर नळावर तोंड धूत होती. मी तिला तिचा आकडा दाखवला. तिनं ओला हात जर्सीला पुसला, काट मारलेल्या नवावर आणि शेजारच्या बारावर बोट ठेवलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "कुणी बघितलंच नाही."