पाच वीत चार बोटं

चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं की तुळशीराम नगरे बोटीत जाऊन झोपतो. बोट असते कोरड्यावर, बाभळीखाली, ट्रॅक्टरच्या दोन जुन्या टायरांवर टेकलेली. घरात पंखा आहे, खाट आहे, बायको आहे. तरी हा बाबा प्लास्टिकच्या बोटीत का झोपतो, हे वस्तीवर कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे म्हणून विचारत नाही.

आत्ता तो बोटीच्या मागच्या मोकळ्या जागेत पाय पोटाशी घेऊन पडलाय. हातात काळा मार्कर आहे, छातीवर शाळेची दोनशे पानी वही आहे. समोर दोन खुर्च्या. उजवी त्याची. डाव्या खुर्चीत वाळूचं पोतं बसलंय, पाठीला पाठ लावून, शहाण्यासारखं. डोळे जड होतात तसं पोतं जरा पुढं-मागं व्हायला लागतं.

ही बोट मुळात हंस आहे. कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतल्या तळ्यात ती नवराबायकोंना फिरवायची. तिथून ती आणली हनीफ मुलाणीनं. हनीफ आठवडी बाजारात बसून तापलेल्या सळईनं लोकांच्या बादल्या, घागरी, पाण्याच्या टाक्या जोडून द्यायचा. प्लास्टिक म्हटलं की त्याला नाही म्हणवायचं नाही. धरणाच्या फुगवट्यावर बाकीच्या भोयांकडे पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या होड्या, आणि तुळशीराम हंसावर बसून चिलापी मासे धरणार म्हणून वस्ती आठ दिवस हसली. मग दोघांनी हंसाची मान कापली. ती मान आता अंगणात उभी आहे. तिच्यात कोंबडी बसते आणि अंडी घरंगळत चोचीतून बाहेर येतात.

मानेनंतर पायडल गेले, कारण त्यांच्यात जाळं अडकायचं. त्यांच्या जागी दोन वल्ही आली, उजवं तुळशीरामचं, डावं हनीफचं. शाळेनं टाकून दिलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पाय कापून बसवल्या. माशांना थर्माकोलची पेटी. एक छत्री. एक सायकलची घंटी. आणि स्कूटरचा आरसा, मागून कोण येतंय ते बघायला. पाच वर्षांत मागून कोणी आलं नाही, पण हनीफ दर फेरीला आरसा पुसायचा.

घोळ झाला तो मापांचा. हनीफचा टेपवर विश्वास नव्हता. “टेप उन्हात ताणती,” तो म्हणायचा, “हात ताणत न्हाई.” त्याचा पंजा म्हणजे घागरीचं तोंड झाकेल एवढा. बोटीतलं प्रत्येक भोक, प्रत्येक खुर्ची, प्रत्येक नळी त्यानं स्वतःच्या वितीनं मोजली, कानामागच्या निळ्या खडूनं ठिपके दिले, आणि वहीत लिहून ठेवलं. निळाच खडू, कारण पांढऱ्या हंसावर पांढरा दिसत नाही.

माघात हनीफ गेला. आधी किडन्यांनी राजीनामा दिला, मग बाकीच्यांनी. त्याच्याबरोबर त्याचा हात गेला आणि हाताबरोबर वीतही गेली. वही राहिली. वहीच्या शेवटच्या पानावर हनीफच्याच अक्षरात, तुळशीरामनं आधी कधीच न पाहिलेली एक ओळ राहिली:

*एकट्यासाठी खुर्ची. मधोमध. मागून पाच वीत चार बोटं.*

उजव्या खुर्चीत बसून एकट्यानं एक वल्हं मारलं की बोट जागच्या जागी गोल फिरते, आणि वजनानं उजवीकडे कलते. म्हणून डावीकडे पोतं. गेल्या आठवड्यात पोतं घसरलं आणि तुळशीराम जाळ्यासकट पाण्यात गेला. रंजना, त्याची बायको, टॉवेल देताना म्हणाली, “आता एक तर ती खुर्ची मधी घ्या, न्हाईतर पुढच्या रविवारी पळसदेवचा माणूस येतोय बोट बघायला, त्याला देऊन टाका. आन त्या पोत्याशी बोलत बसताय ते हितवर ऐकू येतंय. पाण्यावरनं आवाज लांब जातो.”

त्यानं स्वतःच्या वितीनं मोजून बघितलं. खुर्ची फार मागं आली, बोटीनं नाक वर केलं आणि शेपूट बुडवलं. खुर्चीसाठी पाडलेली ती चार भोकं त्यानंच वितळवून बुजवली. ती जखमेवर च्युइंगगम लावल्यासारखी दिसतात. मग तो हनीफच्या घरी गेला. “भाभी, भाईचा हातमोजा हाय का एखादा?” इंदापूर तालुक्यात हातमोजा कोण घालतो? भाभीनं डोळे पुसले आणि स्वेटर दिला. स्वेटरला बोटं नसतात. तो तुळशीरामनं थंडी नसताना आठवडाभर घातला.

आज शुक्रवार. मार्कर बोटांतून सुटतो. बाभळीची सावली वर-खाली होते, खालचे टायर मऊ पडतात, आणि कुठंतरी घंटी वाजते. सायकलची.

तुळशीराम आरशात बघतो. आरशात मागून हनीफ येतोय, पाण्यावरून, बाजाराची पिशवी घेऊन, गुडघ्यापर्यंत लुंगी वर धरून.

“आरसा पुसला न्हाईस,” हनीफ म्हणतो आणि डाव्या खुर्चीत बसतो.

“भाई, तिथं पोतं होतं.”

“त्याच्यावरच बसलोय. टोचतंय. जरा बारीक वाळू भरायची की.”

बोट पाण्यात आहे. कधी गेली ते कोणी सांगत नाही. पुढं हंसाची मान परत आलीय, आत कोंबडी बसलीय, दोघी समोर बघतायत. हनीफ डावं वल्हं उचलतो. तुळशीराम उजवं उचलतो. बोट सरळ चालते. तीन महिन्यांनी बोट सरळ चालतेय, आणि तुळशीरामला एवढंच वाटतं की आता कोणी काही बोलू नये.

पण काम आहे. “भाई, तुझी वीत पाहिजे.”

“वीत काय उसनी देतात व्हय?”

“मापापुरती. लगेच परत देतो.”

“थांब जरा, हात मोकळा न्हाई,” हनीफ म्हणतो, आणि खरंच त्याच्या हातात आता चहाचा ग्लास आहे.

ते भिगवणच्या बाजारातून चाललेत. रस्त्यावर वीतभर पाणी आहे, वल्ही कांद्याच्या ढिगांना लागतात, आणि बायका लुगडी सावरून बोटीला वाट देतात. ज्या ठिकाणी हनीफ बसायचा तिथं फुटक्या बादल्यांची रांग लागलीय. बादल्या एकट्याच आल्यात, बरोबर माणसं नाहीत. हनीफ प्रत्येकीला हात करतो. “पुढच्या आठवड्यात,” तो त्यांना सांगतो. बादल्या मान हलवतात. त्यांना कळलंय, पण त्या तसं दाखवत नाहीत.

“आता दे,” तुळशीराम म्हणतो.

“टेप आण.”

“टेप कशाला? वही तुझ्या वितीत लिहिलीय.”

“आरं माझी वीत मोजायला टेप लागंल ना? मी काय रोज यायचोय?”

तुळशीराम खिशातून टेप काढतो. टेप ओढतो. तिच्यावर आकडे नाहीत. सोमवार, मंगळवार, बुधवार, भिगवण, शुक्रवार.

“बाजाराची टेप हाय ती,” हनीफ म्हणतो. “मी सांगितलंवतं, टेपवर इस्वास ठेवू नको.”

पाणी पांढरं होतं. लांबलचक खोली आहे, दोन्हीकडे खाटा, आणि सगळ्या खाटा पाण्यावर तरंगतायत, दोरीनं खिडकीच्या गजांना बांधलेल्या. ही खोली तुळशीरामला माहीत आहे. इथं तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी हनीफला डायलिसिसला घेऊन यायचा, आणि चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचा. एक नर्स गुडघाभर पाण्यात उभी आहे. “नातेवाइकांनी बोट बाहेर लावायची,” ती म्हणते.

“नातेवाईक न्हाई,” हनीफ तिला सांगतो. “पार्टनर हाय.”

नर्स कागदावर काहीतरी लिहिते आणि वाट देते.

तुळशीराम वल्हं थांबवतो. हा प्रश्न त्यानं पोत्याला बऱ्याचदा विचारलाय. “ते शेवटचं पान कधी लिहिलंस?”

“दिवाळीत. तू बर्फ आणायला गेलतास तवा.”

“दिवाळीत?” तुळशीराम मनात महिने मोजतो. “दिवाळीत तर तू नवी पेटी बसवायची म्हणत होतास. दोघांची. मोठी.”

“मग? पेटी काय वाईट हाय?”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू बर्फ आणला नसतास. मासं नासलं असतं.”

खाटा हळूहळू एकमेकींना लागतात, टक, टक. कोंबडी चोचीतून एक अंडं पाण्यात सोडते. ते तरंगत हनीफपाशी येतं, हनीफ ते उचलून पिशवीत ठेवतो.

“रविवारी पळसदेवचा माणूस येतोय,” तुळशीराम म्हणतो. “बोट देऊन टाकतो. मला गोल-गोल फिरून चक्कर येती.”

“तो मान मागंल,” हनीफ म्हणतो. “मान देऊ नको. कोंबडी कुठं जाईल?”

“भाई, चेष्टा नको.”

“बरं.” हनीफ चहाचा ग्लास खाटेवर ठेवतो. पिशवी खाली ठेवतो. वल्हं आत घेतो. त्याचे दोन्ही हात मोकळे होतात, आणि तुळशीरामला एकदम वाटतं की उगाच मागितली वीत. ती दिली की याचं इथलं काम संपलं. “राहू दे भाई,” तो घाईघाईनं म्हणतो, “आज नको, चहा पी आधी, गार होतोय...”

“हात कर हिकडं.”

तुळशीराम डावा हात पुढं करतो. हनीफ कोपराच्या खोबणीत अंगठा टेकवतो आणि पंजा मनगटाकडे ताणतो. त्याचा हात कोमट आहे, सळई नुकतीच खाली ठेवल्यासारखा. प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. कानामागून खडू येतो. अंगठ्यापाशी एक ठिपका. करंगळीपाशी एक ठिपका.

“ही झाली एक,” हनीफ म्हणतो. “आशा पाच. आता बोटं...”

“अहो!”

हनीफ आरशाकडे बघतो. मागून कोणीतरी येतंय. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“अहो, उठा की! ऊन तोंडावर आलंय तुमच्या!”

रंजना टायरापाशी उभी आहे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात अंडं. बाभळीची सावली पार विहिरीपर्यंत सरकलीय, बोटीला नुसतं ऊन आहे. पाणी लांब, चैत्रात असतं तिथं. डाव्या खुर्चीत पोतं आहे.

“पुन्हा बोलत होतासा,” ती म्हणते, पण आज रागानं नाही. “चहा पी म्हणत होता कुणाला तरी. मग मीच आणला.”

तुळशीराम उठून बसतो. मार्कर पायाशी पडलाय, टोपण लावलेला. डाव्या हाताला काहीतरी चुरचुरतं म्हणून तो बघतो. कोपराच्या खोबणीत एक ठिपका. मनगटाच्या अलीकडे एक ठिपका. दोन्ही निळे. तो बोट लावतो, बोटाला निळी भुकटी येते, आणि तो पटकन बोट काढून घेतो, उरलेलं पुसलं जाईल म्हणून.

“काय लागलं?” रंजना वाकून बघते. चहा बोटीच्या काठावर ठेवते, आणि स्वेटरच्या दिवसांत काढायची तसा हळू आवाज काढून म्हणते, “आज आंघोळ करू नका.”

ती गेल्यावर तुळशीराम शेपटीकडच्या काठाला कोपर टेकवून बोटीच्या तळावर पालथा झोपतो. एक. सरकतो. दोन. माणूस बोटीत पोहतोय असं लांबून दिसत असणार. तीन. चार. पाचवी वीत संपते तिथं तो थांबतो, हात न उचलता.

आता चार बोटं. ती कोणाची, हे विचारायचं राहून गेलं. हनीफचं एक बोट म्हणजे तुळशीरामची दीड. तो पोत्याकडे बघतो. पोतं काही सांगत नाही. आता सांगणारही नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळतं.

मग तो स्वतःचीच चार बोटं मनगटाजवळच्या ठिपक्यापुढं आडवी ठेवतो, दातांनी मार्करचं टोपण काढतो आणि तिथं रेघ मारतो.