माझ्या नावावर लिही

"माझ्या नावावर लिही," असं म्हणून तो माझ्या टेबलावर बोट टेकवायचा. उजव्या हाताचं मधलं बोट. चेंडूच्या शिवणीने त्याच्या टोकाला घट्टा पडला होता.

मी तेव्हा जर्मनीतल्या बोब्लिंगेनजवळच्या एका लहानशा बेसबॉल क्लबचा स्कोअरर होतो. मुलीला सरावाला सोडायला जायचो. पुण्यात असताना क्रिकेटच्या सामन्यांत धावा लिहायचो, हे एकदा बोलण्याच्या ओघात सांगून बसलो. जर्मन क्लबात असं काही सांगू नये. पुढच्याच रविवारी माझ्या हातात पेन्सिल होती.

तो आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पस्तिशीचा, उंच, मोजकं बोलणारा. अमेरिकेत सहा वर्षं पगारी पिचर म्हणून खेळून परत आलेला. आता आठवडाभर कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा आणि रविवारी मैदानावर यायचा. सामना जिंकला की बाकीचे ग्रिलभोवती जमत. हा मात्र माझ्या शेजारी बसून कागद वाचत राही.

"आल्झो... तर, पाचव्या डावातला तिसरा चेंडू. वीतभर वर गेला."

"पण बॅटर बाद झाला ना?"

"झाला. चेंडू चुकलाच."

तुम्ही म्हणाल, असा माणूस सुखी कसा होणार? मलाही तेच वाटायचं.

बेसबॉलमध्ये सोपा झेल सुटला तर ती चूक क्षेत्ररक्षकाच्या नावावर लिहितात; त्यामुळे गेलेली धाव पिचरच्या माथी मारत नाहीत. चूक कोणाची, हे स्कोअरर ठरवतो. माझं पोटापाण्याचं कामही सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचंच, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. जड गेला तो हा माणूस. कोणाच्याही हातून चेंडू सुटला की सामन्यानंतर टेबलावर बोट आलंच. "माझ्या नावावर लिही. मीच वाईट टाकला." किरकोळ सामन्यांत मी कधी कधी ऐकायचोही.

मग तो सामना आला. हरलो तर आमचा संघ खालच्या लीगमध्ये जाणार होता. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, समोरचे दोन बाद, तिसरा बाद झाला की सामना आमचा, पण त्यांचे दोन खेळाडू धावण्याच्या तयारीत. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरने सरळ आभाळात उडवला. खाली आमचा एक क्षेत्ररक्षक उभा होता. बेकरीत काम करणारा, चाळिशीचा, भला दांडगा गडी. चेंडू त्याच्या हातमोज्यात पडला आणि बाहेर आला. दोन धावा गेल्या, पाठोपाठ सामनाही गेला.

पिचर सावकाश टेबलाशी आला. "माझ्या नावावर लिही."

"नाही," मी म्हणालो. "झेल सोपा होता."

"मी सांगतोय ना."

बेकरीवाला मागेच उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "झेल मी सोडला," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. मी इतका कुचकामी आहे का, की माझी चूकसुद्धा तू मला देत नाहीस?"

एवढं बोलून तो सामान उचलून निघून गेला.

पिचर गवतावर बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला. मग, मी विचारलं नव्हतं तरी, सांगू लागला. अमेरिकेत एकदा एकाने असाच झेल सोडला होता. तेव्हा याने भर मैदानात, सगळ्यांसमोर, वैतागून हात झटकले होते. त्याच आठवड्यात त्या खेळाडूला संघातून काढलं.

"माझ्यामुळे काढलं असं नाही," तो म्हणाला. "पण तो गेला तेव्हा माझे ते हात बघून गेला. तेव्हापासून ठरवलं, कोणाकडे बोट म्हणून दाखवायचं नाही."

"बोट दाखवू नकोस," मी म्हणालो. "पण ज्याचं त्याला राहू दे. नाहीतर तो सुधारणार कुठून?"

त्या दिवशी त्याने कागद वाचला नाही.

मंगळवारी सरावाला बेकरीवाला येईल की नाही, अशी धास्ती मला होती. तो आला. पिचर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "तो झेल तुझा होता. तू सोडायला नको होतास."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बेकरीवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा कितीतरी सैल झाला.

मग पिचर उंच चेंडू उडवत राहिला आणि तो दांडगा माणूस धापा टाकत ते झेलत राहिला. काही सुटले. सुटले की दोघंही शिव्या द्यायचे. माझी मुलगी ते ऐकत होती. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं.

खालच्या लीगमधलं वर्ष आमचं फार बरं गेलं. पण पिचरचं कोपर दुखायला लागलं होतं. त्याच्या बायकोला ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात नोकरी लागली आणि शरद ऋतूत ते तिकडे गेले. आता तिथे तो मुलांना शिकवतो, असं ऐकतो.

त्याचा शेवटचा सामना मात्र डोळ्यांसमोर आहे. समोरच्या कोवळ्या बॅटरने त्याचा एक चेंडू असा फटकावला, की तो कुंपण, त्यामागची बाग आणि अक्रोडाचं झाड ओलांडून गेला. तो कमरेवर हात ठेवून, मान वर करून, चेंडू दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मैदानाला पळत वळसा घालणारा तो बॅटर जवळून गेला तेव्हा पिचर त्याला म्हणाला, "सुरेख मारलास."

आणि हसून त्याने नव्या चेंडूसाठी पंचांकडे हात पुढे केला.