आहेराच्या साड्या

बारामतीच्या कापडपेठेत ती इंदापूरकडची बाई मला एकदाच दिसली. मुलाच्या लग्नात बायकांना आहेर करायला ती स्वस्त साड्या घेत होती. दुकानदाराने पुढे केलेल्या गठ्ठ्यातली एक साडी तिने अंगावरच्या साडीवरूनच नेसून पाहिली. पदर जेमतेम खांद्यापर्यंत आला.

"मावशी, आहेराची साडी नेसतं का कुणी?"

"आमच्याकडं नेसत्यात. माझ्या शेजारी खुरपायला असत्यात त्या बाया. ही आखूड हाय."

"लांब महाग पडेल."

"पडू द्या. वरातीचा घोडा नको म्हणून सांगते. नवरदेव चालत यील."

दुकानातले हसले. ती हसली नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातली प्रत्येक साडी तिने उलगडून पाहिली.

वरातीत घोडा होता का, मला माहीत नाही. साड्या पूर्ण लांबीच्या होत्या.