नारळी पौर्णिमेनंतरची पहिली फेरी

गिरणी संपात वडिलांचं काम गेलं, तेव्हापासून हातात आलेलं काम सोडायचं नाही हे लालबागच्या आमच्या खोलीत पक्कं ठरलं होतं. पुढे मी पर्यटकांना मुंबई दाखवायचा धंदा काढला, तेव्हाही तसाच वागलो. हे कारण म्हणून सांगत नाही. चूक माझीच होती.

मच्छीमार नगरातले एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, माझ्या पाहुण्यांना समुद्रात फिरवून आणत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की होड्या बाहेर पडायच्या, म्हणून मी दर वर्षी दुसऱ्याच दिवसाची फेरी आधीपासून ठरवून ठेवायचो.

त्या वर्षी पाहुणे धक्क्यावर आले आणि तांडेलकाका म्हणाले, "आज नको. वारा पडला नाही."

"काका, नारळ तर काल वाहिलात."

"आम्ही वाहिला. दर्यानं ऐकायला नको? हल्ली त्याचं काही खरं नाही रे."

मी हट्ट धरला. लोक लांबून आलेत म्हणालो. माझ्या शब्दाखातर ते निघाले. परतताना लाटेनं होडी धक्क्यावर आपटली. एका बाईंना सावरताना काकांचा हात मध्ये चिरडला. पाहुण्यांना मी सांगितलं, समुद्र अचानक फिरला.

हाताची मूठ पुन्हा नीट वळली नाही. जाळं ओढणं सुटलं. दिवाळीनंतर भेटायला गेलो, तर त्यांची बायको दारात बोंबील वाळत घालत होती. "समुद्र फिरला म्हणे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझं डोकं."

मी काकांना म्हटलं, "यापुढे फेरी तुमच्या होकारावर. नाही म्हणालात तर नाही."

"आणि तुझी माणसं?"

"त्यांना खरं कारण सांगेन."

तेव्हापासून तसंच चालतं. होडी निघाली नाही तर पाहुणे जाळी विणणाऱ्यांजवळ बसतात आणि वारे कसे बदललेत ते काकांकडून ऐकतात. काही जण दुसरीकडे गेले, बरेच परत आले. हवामान बदलतंय, तर आमच्या धंद्यानं वेळापत्रक बदलायला हवं. तसं करून धंदा टिकतो, हे मी ठामपणे सांगतो.

मागे एका पाहुण्यानं काकांना हाताचं विचारलं. मी म्हणालो, "हे नको म्हणत होते. मी नेलं."

"मीही गेलोच की," काका म्हणाले.

"नाही काका. हट्ट माझा होता."