चादरवाले काका

थंडी सुरू झाली की बंगालचे एक चादरवाले काका सायकलवरून लातुरात आमच्या गल्लीत यायचे. "मागल्या सालची लगेच फाटली की," आई म्हणायची. ते हसायचे, "भाभी, उसपे सोते हो या कुश्ती खेलते हो?" मी आतूनच ऐकायचे.

मागच्या वर्षी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला: परक्या फेरीवाल्यांपासून सावध राहा. काका आले तेव्हा मी घरी एकटी होते. दार न उघडताच मी आधार कार्ड मागितलं. त्यांनी ते खिडकीच्या गजांतून दाखवलं. "बेटी, बारा साल में पहली बार दिखा रहा हूँ," म्हणाले आणि गठ्ठा न सोडताच गेले.

यंदा थंडी ओसरत आली. "काका कसे आले न्हाईत गं?" आई विचारते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.